आरोग्यावर जास्त खर्च केला की आयुष्य वाढते का?

पत्र : माझे वय ६१ आणि यजमानांचे ६७. आम्ही दोघेही शिक्षकी पेशातून निवृत्त झालो असून सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. यजमानांना बऱ्याच वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास आहे. अलीकडे त्यांच्या पाहण्यात एक आलेख आला. अमेरिका आरोग्यावर जगात सर्वांत जास्त खर्च करते आणि तरीही तिथले लोक जपान, इटली, इतकेच काय, कोस्टा रिकासारख्या लहान देशातल्या लोकांपेक्षाही कमी जगतात, असे त्यात दाखवले होते. तेव्हापासून 'दवाखान्यात पैसा ओतून कोणी जास्त जगत नाही' हे त्यांचे पालुपद झाले आहे. आरोग्य विम्याचा हप्ता यंदा बराच वाढून आला; तो भरायचा नाही, असे ते म्हणतात. गेल्या दीड महिन्यापासून त्यांनी रक्तदाबाची गोळीही बंद केली आहे. न्यू जर्सीत असलेला मुलगा याच्या अगदी उलट सांगतो. पैशाची काळजी करू नका, दरवर्षी पुण्याला जाऊन संपूर्ण शरीराची तपासणी करून घ्या, असा त्याचा आग्रह आहे. त्या तपासणीत हृदयाचा सीटी स्कॅन आणि कर्करोगाच्या रक्तचाचण्याही आहेत. बापलेकांच्या या वादात माझी ओढाताण होते. कोणाचे खरे मानायचे? यजमान तसे ठणठणीत आहेत, तंबाखूची तेवढी जुनी सवय आहे. विम्याची मुदत या महिनाअखेर संपते आहे.
– एक वाचक, जिल्हा सातारा

सप्रेम नमस्कार.

आलेखाचा वाद थोडा वेळ बाजूला ठेवून आधी गोळीचे बोलू, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे. यजमानांचा रक्तदाब आज-उद्यातच मोजून घ्या. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या घरात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. त्याहून कमी पण वाढलेला असेल तरी या आठवड्याच्या आत भेटा आणि गोळी दीड महिना बंद होती हे त्यांना स्पष्ट सांगा. राहून गेलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी एकदम दोन घेणे किंवा घरात उरलेली जुनी पट्टी आपल्याच मनाने सुरू करणे टाळावे. तोंड वाकडे होणे, एका बाजूच्या हातापायातली शक्ती जाणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा छातीवर दाब येणे यांपैकी काहीही झाले, तर कोणाला विचारत न बसता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा.

आता आलेखाकडे वळू. यजमानांनी पाहिलेली माहिती खोटी नाही. अमेरिकेने २०२३ साली आरोग्यावर आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १७.६ टक्के, म्हणजे माणशी साडेचौदा हजार डॉलरच्या आसपास, खर्च केला आणि त्या वर्षी तिथले सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षे होते. जपान सुमारे ११ टक्के खर्च करतो आणि तिथले आयुर्मान ८४ वर्षांच्या आसपास आहे. १९८० च्या सुमारास अमेरिका या दोन्ही बाबतींत इतर श्रीमंत देशांच्या जवळपास होती. पुढच्या चार दशकांत तिचा खर्च सर्वांना मागे टाकून वर गेला आणि आयुष्य मात्र मागे पडत गेले. इतके सगळे खरे असूनही त्यावरून यजमानांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे त्यांच्यासारख्या शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला नीट समजावून सांगणे हाच या प्रश्नावरचा उपाय आहे, असे मला वाटते.

अमेरिकेचा खर्च मोठा दिसतो तो प्रामुख्याने किमतींमुळे. तिथला माणूस इतर श्रीमंत देशांतल्या माणसापेक्षा जास्त वेळा डॉक्टरकडे जात नाही, रुग्णालयातही जास्त दिवस राहत नाही. पण तेच औषध, तोच एमआरआय आणि तीच शस्त्रक्रिया तिथे कितीतरी महाग पडते. शिवाय असंख्य विमा कंपन्या, त्यांचे वेगवेगळे नियम, दावे तपासणारी माणसे आणि ते दावे मंजूर करून घेण्यासाठी रुग्णालयांनी ठेवलेली माणसे यांच्यावर प्रचंड पैसा जातो. हा पैसा आरोग्याच्या खात्यावर मांडला जातो, मात्र त्यातला बराचसा रुग्णाच्या अंगी लागत नाही. एवढे करून अडीच कोटींहून जास्त लोक विम्याशिवाय राहतात, ते वेगळेच.

दुसरे कारण माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे, कारण ते रुग्णालयाच्या भिंतींबाहेरचे आहे. २०२२ साली अमेरिकेत अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने एक लाखाहून जास्त, बंदुकीच्या गोळीने सुमारे ४८ हजार आणि रस्त्यावरच्या अपघातांत ४२ हजारांहून जास्त माणसे मेली. यातली बहुसंख्य माणसे तरुण किंवा मध्यमवयीन होती. ऐंशीव्या वर्षी गेलेल्या माणसामुळे देशाच्या सरासरी आयुर्मानाला फारसा धक्का लागत नाही. तिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाबरोबर मात्र त्या हिशेबातून पन्नास वर्षे वजा होतात. जगातले उत्तमोत्तम हृदयरोग केंद्र शेजारी असले तरी ही वजाबाकी थांबत नाही. अमेरिकेचा आलेख दवाखाने निरुपयोगी ठरवत नाही. माणसे ज्या कारणांनी अकाली मरत आहेत त्या कारणांपर्यंत तिथला पैसा पोचत नाही, एवढेच तो सांगतो.

सरासरी आयुर्मान या आकड्याचा यजमानांच्या वयाशी असलेला संबंधही इथे सांगायला हवा. स्वातंत्र्याच्या सुमारास भारताचे आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते, याचा अर्थ माणसे बत्तिशीत म्हातारी होऊन जात होती असा नव्हे. जन्मलेल्या मुलांतली फार मोठी संख्या पाचव्या वर्षाच्या आत दगावत होती. २०१६–२० या काळासाठी केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीने ते ७० वर्षे धरले. पण हा आकडा आज जन्मलेल्या बाळाचा आहे. साठी गाठलेल्या भारतीय माणसापुढे सरासरीने आणखी १८ वर्षांच्या आसपास आयुष्य असते. म्हणजे ६७ वर्षांचे यजमान सत्तरीच्या काठावर उभे आहेत असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे बराच काळ आहे आणि तो अंथरुणावर जाईल की आपल्या पायांवर, हा खरा प्रश्न आहे.

आणखी एक खाच लक्षात घ्यावी. खर्च आणि आयुष्य शेजारी शेजारी मांडले की खर्च कारण आणि आयुष्य परिणाम, असे आपण नकळत धरून चालतो. प्रत्यक्षात आजारी माणसावर जास्त खर्च होतो आणि ज्या देशात म्हातारी माणसे जास्त, त्या देशाचा खर्चही जास्त. एखाद्या अतिदक्षता विभागात सर्वांत जास्त पैसे खर्च झालेले रुग्ण सर्वांत जास्त दगावतात. तेव्हा खर्चाने माणूस मरतो असे कोणी म्हणत नाही, कारण आधी दुखणे वाढले आणि मागून खर्च वाढला हे आपल्याला दिसत असते. देशांच्या आलेखात ही मागची बाजू दिसत नाही.

सॅम्युअल प्रेस्टन या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७५ साली देशांचे उत्पन्न आणि आयुर्मान यांचा संबंध मांडला, तेव्हा त्याची रेषा सुरुवातीला उभी चढताना आणि पुढे जवळजवळ आडवी होताना दिसली. गरीब देशात उत्पन्न थोडे वाढले तरी आयुष्य झपाट्याने वाढते, श्रीमंत देशात पुष्कळ वाढूनही फारसा फरक पडत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत ही रेषा संपूर्णच वर सरकली होती. तेवढ्याच उत्पन्नात लोक पूर्वीपेक्षा जास्त जगू लागले होते, कारण लसी, प्रतिजैविके, डासांचा बंदोबस्त आणि स्वच्छतेचे ज्ञान सर्वत्र पोचले होते. आरोग्यावरच्या खर्चाची रेषाही साधारण याच वळणाची आहे. अमेरिका तिच्या आडव्या टोकाला आहे. आपण भारतीय अजून चढणीवर आहोत, आणि आडव्या टोकाचा धडा चढणीवरच्या माणसाने गिरवू नये.

चढणीवरचा पैसा काय करतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या बाईला प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत नेमले. तिच्या पिशवीत तापमापी, बाळाचे वजन करायचा काटा, मण्यांवर श्वास मोजण्याचे साधन, बाळाला उबेत ठेवणारी झोळी आणि प्रतिजैविके असत. बाळंतपणाच्या वेळी ती हजर राही, पुढचे जवळजवळ महिनाभर ठरावीक दिवशी घरी येई, बाळाच्या अंगाला हात लावून ते थंड पडले आहे का पाही, ते अंगावर पिते का विचारी आणि श्वास मिनिटाला साठाच्या पुढे गेला की जंतुसंसर्गाची शंका घेई. रुग्णालय दूर असेल किंवा घरचे लोक तिथे जायला तयार नसतील तर जेन्टामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही तीच देई.

१९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष आले. दर हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण त्या गावांत २५.५ वर आले होते. शेजारच्या ज्या ४७ गावांत ही सेवा नव्हती तिथे ते साठीच्या आसपासच राहिले. एका बाळामागे आलेला खर्च होता ५.३ डॉलर. पुढे हीच पद्धत देशभरच्या आशा सेविकांच्या कामात आली आणि आज तुमच्या गावात बाळंतिणीच्या घरी ज्या गृहभेटी होतात त्या तिथूनच आलेल्या आहेत. यजमानांच्या पालुपदाला माझे उत्तर हे आहे : पैशाने माणसे जगली, आणि फार थोड्या पैशाने जगली, फक्त तो पैसा मरणाच्या नेमक्या कारणाशी जाऊन भिडला होता.

केरळची गोष्टही अशीच आहे. तिथले आयुर्मान ७५ वर्षांच्या आसपास आहे, महाराष्ट्राचे २०१४–१८ च्या पाहणीत ७२.५ होते, आणि केरळ महाराष्ट्राहून श्रीमंत आहे म्हणून हा फरक पडला, असे म्हणता येत नाही. मुलींचे शिक्षण आणि घराजवळचे चालू असलेले सरकारी आरोग्य केंद्र यांनी तिथे दोन-तीन पिढ्यांत हे काम केले. देश म्हणून मात्र आपण आरोग्यावर एकूण खर्च सकल उत्पादनाच्या ३.८ टक्क्यांच्या आसपासच करतो, त्यातला सरकारचा वाटा २०२१–२२ मध्ये १.८४ टक्के होता आणि जवळजवळ ३९ टक्के खर्च लोक थेट स्वतःच्या खिशातून करतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. 'खर्चाने काही होत नाही' हे वाक्य आपल्याकडे घरोघर पटले, तर तो अडीच टक्क्यांचा आग्रह धरायला कोणी उरणार नाही, ही मला वाटणारी खरी काळजी आहे.

आता यजमानांच्या आवडत्या जपानकडे पुन्हा जाऊ, कारण त्यांच्या गोळीचे उत्तर तिथेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ तीन दशके जपानमध्ये मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात होते. उत्तरेकडच्या अकितासारख्या भागात हिवाळ्यासाठी मुरवलेल्या भाज्या, खारवलेले मासे आणि मिसो हे सोयाबीनचे खारट वाटण यांतून लोकांच्या पोटात दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास मीठ जात असे आणि चाळिशी-पन्नाशीतली माणसे मेंदूतल्या रक्तस्रावाने पटापट जात. १९६१ साली सर्वांना विमा लागू झाला. त्याच दशकात गावोगाव रक्तदाब मोजणे, वाढलेला आढळला तर औषध सुरू करणे आणि ते चालू ठेवायला भाग पाडणे, आणि घराघरातले मीठ कमी करणे हे काम आरोग्य परिचारिकांनी चिकाटीने केले. पुढच्या पंचवीस वर्षांत पक्षाघाताचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणावर घटले आणि जपान दीर्घायुष्यात जगाच्या पुढे गेला. कमी खर्चात जास्त जगणाऱ्या ज्या देशाचा दाखला यजमान देतात, तो देश रक्तदाबावर नियंत्रण ठेवून तिथे पोचला आहे.

त्या गोळीचा हिशेबही मांडता येतो. १२३ चाचण्यांतल्या सहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून २०१६ साली 'लॅन्सेट'मध्येच जे विश्लेषण छापून आले, त्यात वरचा रक्तदाब १० ने उतरला की पक्षाघात सुमारे २७ टक्क्यांनी आणि कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी होतात, असे दिसले. अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन यांसारखी नेहमीची औषधे जनऔषधी केंद्रात घेतली तर दिवसाला बहुधा एका कटिंग चहाएवढाही खर्च येत नाही आणि सरकारी आरोग्य केंद्रांत ती विनामूल्य मिळतात. इतक्या कमी पैशात इतके आयुष्य देणाऱ्या गोष्टी वैद्यकशास्त्रात मोजक्याच आहेत. पैसा वाचवण्याच्या नादात यजमानांनी नेमकी तीच बंद केली, याचे मला मनापासून वाईट वाटते. गोळीबरोबर मिठाचाही विचार करा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, मीठ सांगते. आपल्याकडे लोणचे, पापड, सांडगे, ठेचा आणि वरून घेतलेले मीठ मिळून ते सहज दुप्पट होते. ताटातली मिठाची जागा रिकामी ठेवण्यापासून सुरुवात करता येईल.

मुलाच्या आग्रहाविषयी लिहिताना त्याची माया मी विसरलेलो नाही. हजारो मैलांवरून आईवडिलांसाठी काय करता येईल, तर पैसे पाठवता येतात, हे त्याचे दुःख आहे. तरीही त्याने सुचवलेली तपासणी त्याच्या वडिलांचे आयुष्य वाढवील, याला आधार नाही. निरोगी वाटणाऱ्या प्रौढांची सरसकट सर्वांगीण तपासणी करून मृत्यू कमी होतात का, हे पाहणाऱ्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला आहे. अडीच लाख लोकांच्या माहितीतून निघालेला निष्कर्ष असा, की एकूण मृत्यूंत, हृदयविकाराच्या मृत्यूंत किंवा कर्करोगाच्या मृत्यूंत अशा तपासण्यांनी जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

'फरक पडला नाही तरी नुकसान काय?' असे मुलगा विचारील. त्याला दक्षिण कोरियाचे उदाहरण सांगा. १९९९ नंतर तिथे कर्करोग तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि रुग्णालयांनी त्या तपासणीला जोडून थोड्या जास्त पैशात थायरॉइडची सोनोग्राफी देऊ केली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाच्या नोंदी पंधरापट झाल्या. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे ज्या बारीक गाठींनी जन्मभर काही त्रास दिला नसता, त्या शोधून हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. त्यांना आयुष्यभराची गोळी लागली, काहींचा आवाज बसला, काहींच्या रक्तातले कॅल्शियम घसरले. तुमच्या पॅकेजातल्या कर्करोगाच्या रक्तचाचण्यांची अडचण हीच आहे. लक्षण नसलेल्या माणसात त्यातला एखादा आकडा किंचित वर आला, की सोनोग्राफी, सीटी, बायोप्सी असे एकामागून एक लागत जाते, आणि तोवर घरातल्या सगळ्यांची झोप उडालेली असते.

हृदयाच्या सीटी स्कॅनचे तसेच. छातीत काही त्रास नसलेल्या ६७ वर्षांच्या माणसाच्या रोहिणीत थोडाफार अडथळा दिसणे अगदी शक्य आहे, आणि तो दिसला की स्टेंट, म्हणजे रोहिणी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी, बसवून मोकळे व्हा असा सल्ला मिळणेही तितकेच शक्य आहे. भारतासह ३७ देशांतल्या पाच हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या 'इस्केमिया' नावाच्या चाचणीत, हृदयविकार स्थिर असलेल्या रुग्णांना औषधांबरोबर लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने केवळ औषधे देण्यापेक्षा मृत्यू कमी झाले नाहीत. इथे गल्लत करू नका : हृदयविकाराचा झटका येत असताना वेळेवर बसवलेला स्टेंट जीव वाचवतो आणि छातीत दुखत असेल तर तपासणी हवीच. मी बोलतो आहे ते कोणताही त्रास नसताना दरवर्षी हौसेने केलेल्या स्कॅनबद्दल. यजमानांना ज्या चाचण्या खरोखर हव्यात त्या पुण्याला न जाताही होतात. रक्तदाब, रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवी, डॉक्टरांना वाटले तर एक ईसीजी, शिवाय डोळे आणि कान, एवढे पुरे आहे.

आणि आता, तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात ती तंबाखू. तुमच्या पत्रातले हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. विमा, स्कॅन, अमेरिका, जपान या सगळ्यांवर घरात वाद झाले आणि ज्या गोष्टीने त्यांचे आयुष्य खरोखर कमी होऊ शकते ती 'तेवढी जुनी सवय' म्हणून बाजूला राहिली. २०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले चारपैकी एकाहून अधिक प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले आणि त्यातले बहुतेक चघळणारे होते. ही पुडी मुलाच्या पॅकेजातल्या कोणत्याही चाचणीत दिसणार नाही, पण तिची चाचणी बिनखर्चाची आहे. खिडकीच्या उजेडात बसवून, तोंड पूर्ण उघडायला लावून, ओठांच्या आत, दोन्ही गालांच्या आत, जिभेच्या कडा आणि जिभेखाली डॉक्टर किंवा प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने पाहायचे. पांढरा किंवा लाल चट्टा, बरी न होणारी जखम, तोंड उघडायला होणारा त्रास असला तर पुढे पाठवायचे. केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात या साध्या तपासणीची मोठी चाचणी झाली, तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा शासनाचा विनामूल्य क्रमांक आहे. त्यांनी स्वतः फोन करायला हवा. तुम्ही केलेल्या फोनचा उपयोग होणार नाही.

या सगळ्या पत्रात तुम्ही स्वतःच्या प्रकृतीविषयी एक ओळही लिहिलेली नाही, ताई. ते आपल्याकडे नेहमीचेच आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने शहरातल्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर वर्षानुवर्षे चाचणी केली. कमी शिकलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच म्हणा, लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिले, तर त्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्याच चाचणीत स्तनांची हाताने केलेली तपासणी पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी करणारी ठरली. तुमचे वय पाहता स्तनांची तपासणी करून घ्याच, आणि गर्भाशयमुखाची कोणती तपासणी तुम्हाला योग्य, हे तिथल्याच डॉक्टरांना विचारा. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात याची सोय असायला हवी. नसेल तर ती मागा.

राहिला विमा. इथे मी यजमानांच्या निम्म्या म्हणण्याशी सहमत आहे : विमा घेतल्याने आयुष्य वाढतेच असे नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २००८ साली गरिबांच्या सरकारी विम्यासाठी सोडत काढली, त्यामुळे विमा मिळालेले आणि न मिळालेले यांची नीट तुलना करता आली. दोन वर्षांनी पाहिले तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर यांत म्हणावा असा फरक नव्हता. पण विमा मिळालेल्यांमध्ये नैराश्य कमी होते, आणि उपचारांपायी कर्जबाजारी होण्याचे प्रमाण तर फारच कमी झाले होते. विमा घराला वाचवतो आणि त्यासाठीच तो घ्यायचा असतो. सातारा जिल्ह्यात एका दुखण्यापायी जमिनीचा तुकडा विकलेली घरे तुम्हालाही माहीत असतील.

म्हणून हप्ता भरा, आणि तो मुदतीत भरा. पॉलिसी तुटू दिली आणि पुढे नवी घेतली, तर यजमानांच्या रक्तदाबाशी संबंधित आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे भरपाई न मिळण्याचा काळ, पुन्हा पहिल्यापासून लागू शकतो, आणि तो ज्या वयात लागेल ते वय पाहा. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलतीची मुदत असते, पण तेवढ्या दिवसांत रुग्णालयात जावे लागले तर भरपाईची खात्री नसते. दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी नेण्याची सोय आहे. तिचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी साधारण ४५ दिवस आधी करावा लागतो, त्यामुळे यंदा ते जमणार नाही, पुढच्या वर्षीसाठी आतापासून चौकशी करा. विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये असे ठरवले आहे, की साठीपुढच्या ग्राहकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी परवानगी घ्यावी. तुमची वाढ त्याहून जास्त असेल तर कंपनीला लेखी विचारा. हप्ता खरोखर झेपत नसेल तर जोडून दिलेली जादा कवचे काढा किंवा सुरुवातीची काही रक्कम स्वतः भरण्याचा पर्याय घ्या. मूळ पॉलिसी सोडू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि सत्तरी पूर्ण झाल्यावर यजमानांना आयुष्मान योजनेचे स्वतंत्र कार्डही मिळू शकेल. या योजना ठरावीक उपचारांसाठी आणि नोंदणीकृत रुग्णालयांतच चालतात, म्हणून त्या विम्याच्या जोडीला धराव्यात, विम्याऐवजी नव्हे.

मुलाशी तुम्ही स्वतःच बोला. तपासणीसाठी तो जे पैसे दरवर्षी पाठवणार आहे, त्यातून त्याला विम्याचा हप्ता भरू द्या. दंडाला पट्टा बांधायचे रक्तदाबाचे चांगले यंत्र पाठवायला सांगा आणि न्हाणीघरात, शौचालयात भिंतीला धरायचे दांडे बसवून घ्या, कारण या वयात घरात पडून मोडलेले खुब्याचे हाड माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने वडिलांना आठवड्याचे रक्तदाबाचे आकडे विचारावेत. शिक्षक माणूस वहीत नोंद ठेवील आणि मुलाने विचारले तर गोळी चुकवणार नाही, असा माझा अंदाज आहे. यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. त्यांचा आलेखाचा अभ्यास मी मनापासून गंभीरपणे घेतला आहे आणि त्यांना काही शंका असतील तर त्यांनी स्वतः लिहावे, मी उत्तर देईन.

हप्ता भरताना नव्या पॉलिसीच्या कागदावर दोन गोष्टी तपासा : यजमानांचा रक्तदाब आधीचा आजार म्हणून नोंदलेला आहे ना, आणि पॉलिसी सुरू झाल्याची मूळ तारीख जुनीच दाखवली आहे ना. यांपैकी एक जरी चुकीची असली तर त्याच आठवड्यात कंपनीला लिहून दुरुस्ती करून घ्या आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा.